वाफसा पाहून दांडा ओढा : प्रस्तावना

लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात सोयाबीनची पोती उतरवून परत फिरलेली पिकअप दिवसाचा बहुतेक वेळ पक्क्या रस्त्यावर असते. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा या गावांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाल्यापासून हे अंतर कापायला चालकाला फारसं डोकं लावावं लागत नाही. डोकं लागतं ते फाट्यावर वळल्यानंतर. आधी थोडं डांबर, मग उखडलेली खडी, मग मुरूम आणि शेवटी दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी गाडीवाट. माल असतो तो या वाटेच्या टोकाला. फोर-बाय-फोर गाडीला जास्तीचे पैसे मोजायचे ते या शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरसाठी.

ही पुस्तिका त्या शेवटच्या तुकड्याबद्दल आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत भाड्यानं पिकअप चालवणारे, गाडी घेऊन तिच्यावर चालक ठेवणारे आणि स्वतःच्या मालासाठी गाडी बाळगणारे शेतकरी यांच्यासाठी ती लिहिली आहे. परवान्याच्या चाचणीत फोर-बाय-फोरच्या दांड्याबद्दल कुणी विचारत नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत तो नसतोच. कंपनीची माहितीपुस्तिका इंग्रजीत असते आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट डॅशबोर्डच्या खणात पडून राहते. मग शिक्षण होतं ते रानात, गाडी रुतल्यावर, अंधार पडत असताना आणि पाऊस चालू असताना. दोन चुका सगळीकडे दिसतात. गाडी पोटावर बसेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही, ही एक. चिखलातून सुटल्यावर दांडा तसाच ठेवून महामार्गावर सत्तरच्या वेगानं निघायचं, ही दुसरी. पहिल्या चुकीपायी ट्रॅक्टर बोलवावा लागतो, दुसरीपायी मिस्त्री. दोन्हींचं मूळ एकच आहे. फोर-बाय-फोर ही संकटातून सुटायची युक्ती आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ती संकटाच्या अलीकडे, जमीन पाहून घ्यायचा निर्णय आहे.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी मराठवाड्याला नवी नाही. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य संपलं. पुढच्या काळात तहसील, पंचायत समिती, आरोग्य केंद्र यांच्या दारात जी गाडी उभी असायची ती जीपच. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असत. एक पुढचा एक्सल जोडायचा, दुसरा हाय-लो बदलायचा. त्या काळच्या चालकांना दोन्हींचा वापर अंगवळणी पडला होता, कारण पावसाळ्यात त्याशिवाय गावात पोचताच येत नसे. पुढं रस्ते झाले आणि गाड्याही बदलल्या. १९८६ साली टाटा ४०७ आली, मग टाटा २०७, बोलेरो पिकअप, २००५ साली टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती. या सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि मालवाहतूक त्यांच्याच हाती गेली. जीपवाल्यांची पिढी निवृत्त झाली, त्यांच्याबरोबर ती सवयही गेली. आता बोलेरो कॅम्परची फोर-बाय-फोर आहे, २०१६पासून इसुझूची व्ही-क्रॉस आहे, २०२२पासून टोयोटाची हायलक्स आहे. दांडा परत आला, काही गाड्यांत त्याच्या जागी गोल खटका आला, पण तो कधी फिरवायचा हे सांगणारा माणूस शेजारच्या सीटवर राहिला नाही. ही उणीव थोडीतरी भरून निघावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

यंत्राबद्दल इथं थोडक्यात सांगतो, तपशील तिसऱ्या प्रकरणात आहे. पिकअपचं इंजिन पुढं असतं आणि ताकद मागं जाते. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजन नसतं, म्हणून ओल्या जमिनीवर ती लगेच जागच्या जागी फिरायला लागतात. माल भरला की पकड येते, पण मग जड गाडी खोल बसते. त्यात डिफरन्शियलचा स्वभाव असा की जे चाक सोपं फिरतं, सगळे फेरे त्यालाच मिळतात. मागचं डावं चाक चिखलात आणि उजवं घट्ट मुरमावर असलं तरी गाडी हलत नाही. डावं गरगर फिरतं, उजवं ढिम्म राहतं. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केसमधून पुढच्या एक्सललाही ताकद जाते, पण तिथंही तसाच डिफरन्शियल बसलेला असतो. म्हणून पुढचं एक आणि त्याच्या तिरप्या कोपऱ्यातलं मागचं एक, अशा दोन चाकांनी पकड सोडली की फोर-बाय-फोरसुद्धा उभी राहते. बांध तिरपा ओलांडताना गाड्या अडकतात त्या अशा. हायलक्समध्ये मागचा डिफरन्शियल लॉक करायची सोय आहे, फोर्सच्या गुरखा गाडीत पुढचा आणि मागचा दोन्ही लॉक होतात. ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांनी बांध सरळ अंगावर घ्यावा. मागचं एखादं चाक नुसतंच फिरायला लागलं तर हँडब्रेक किंचित ओढून पाहावा. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला अटकाव झाला की थोडी ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. फोर-एल म्हणजे याच जोडणीत वेग सुमारे अडीच पट कमी आणि ओढ तेवढी जास्त. फोर-एच बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत लागतं, त्याची वेगमर्यादा ज्याच्या त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. फोर-एलसाठी मात्र गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. चिखलाच्या मधोमध जाऊन फोर-एल लावायला थांबलेली गाडी पुन्हा निघेलच असं नाही. ते काम काठावर, कोरड्यात करून घ्यायचं.

डांबरावर दांडा लावू नये हे सगळे ऐकून असतात. का, हे कळलं तरच ते लक्षात राहतं, म्हणून एक हिशेब मांडतो. आपल्या पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये साधारण तीन मीटर अंतर असतं. पुढची चाकं तीस अंशांत वळवून गाडी काटकोनात फिरवली, समजा मोंढ्याच्या फाटकातून आत घेतली. मागचा एक्सल सव्वापाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो, पुढचा सहा मीटरच्या. वळण पूर्ण होईपर्यंत मागचा एक्सल आठ मीटरांहून थोडा जास्त चालतो, पुढचा साडेनऊच्या जवळ. फरक सव्वा मीटरचा, म्हणजे टायरच्या अर्ध्याहून अधिक फेऱ्याचा. फोर-एचमध्ये दोन्ही एक्सल ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना जखडलेले असतात. या गाड्यांत त्या दोघांमध्ये तिसरा डिफरन्शियल नसतो, त्यामुळे दोन्हींना तेवढेच फेरे घ्यावे लागतात. चिखलात हा सव्वा मीटर टायर घसरून निघून जातो आणि चालकाला पत्ताही लागत नाही. सिमेंटवर घसरायला वाव नसतो. मग तो ताण जॉइंटमध्ये, क्रॉसमध्ये, क्राउन-पिनियनच्या दातांत आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. स्टीअरिंग जड होतं, वळताना टायर चरचरतात, गाडी अडखळत चालते, आणि शेवटी दांडा बाहेर निघेनासा होतो. अशा वेळी दांड्यावर जोर काढू नये. स्टीअरिंग सरळ करून गाडी चार-पाच मीटर मागं घ्यावी. ताण सुटला की दांडा सहज निघतो. याच कारणानं चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत. पुढं गुळगुळीत झालेले आणि मागं नवे रिमोल्ड अशी जोडी आपल्याकडे सर्रास दिसते. अशा गाडीत फोर-एच लावलं की सरळ रस्त्यावरही तोच ताण तयार होतो.

आता मुख्य विषय, जमीन. फोर-बाय-फोरवर जगभर लिहिलं जातं ते वाळवंटाबद्दल, बर्फाबद्दल, खडकांबद्दल. आपल्याकडे यातलं फारसं काही नाही. आपल्याकडे काळी भारी जमीन आहे, आणि तिचं वागणं कशासारखंच नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट जातीचं चिकण खनिज भरपूर असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून मे महिन्यात त्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सप्टेंबरात त्याच रानात पाय उचलत नाही. ही माती कधी गाडी तोलेल आणि कधी गिळेल हे ठरवायला आपल्या शेतकऱ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक कसोटी आहे, ती म्हणजे वाफसा. ढेकूळ मुठीत दाबलं की फुटतं, औताच्या फाळाला माती धरत नाही, खाली ओल आहे पण वर चिकटत नाही, ही ती स्थिती. वाफसा असेल तर साधी मागच्या चाकांची पिकअपसुद्धा रानाच्या बांधापर्यंत जाते. वाफसा नसेल तर फोर-बाय-फोरनं दहा वेळा विचार करावा. या पुस्तिकेत मला एकच गोष्ट पटवायची आहे: दांडा केव्हा ओढायचा हे डॅशबोर्डवरून ठरत नाही, ते वाफशावरून ठरतं.

याच्याही पुढं जाऊन जूनचा चिखल आणि सप्टेंबरचा चिखल वेगळा धरला पाहिजे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की वरची चार बोटं माती भिजते, पाणी भेगांतून खाली जातं, पण मधली जमीन अजून उन्हाळ्याची कडक असते. गाडी घसरते खरी, मात्र टायर थोडं खाली गेलं की त्याला तळ सापडतो. इथं फोर-एच आणि दुसरा गिअर पुरतो. हवा कमी करायची गरज नसते, उलट अरुंद टायर वरचा थर कापून तळाला लवकर टेकतं. बियाणं आणि खताच्या खेपा या दिवसांतल्या. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडतो तेव्हा तीन-साडेतीन महिन्यांचं पाणी जमिनीत मुरलेलं असतं. माती गुडघाभर खोलीपर्यंत ओली असते. तळच नसतो. टायर जितकं फिरेल तितकं खाली जातं. अशा जमिनीवर गाडी वरच्या वर काढावी लागते. माल निम्मा, टायरची हवा वीस-बावीस पौंडांपर्यंत उतरवलेली, म्हणजे टायर पसरून जास्त जमिनीवर टेकेल. भरलेल्या गाडीची हवा याहून खाली नेली तर टायर रिमवरून सुटू शकतं. फोर-एल काठावरच लावलेलं, दुसरा किंवा तिसरा गिअर, एकसारखा वेग, आणि मध्ये थांबायचं नाही. गाडी पुढं सरकायची थांबली त्याच क्षणी पाय वर. चाक जागेवर आणखी दहा फेरे फिरलं तर मागच्या एक्सलचा गोळा जमिनीला टेकतो, आणि मग चारही चाकं फिरूनसुद्धा उपयोग नसतो, कारण गाडीचं वजन चाकांवर उरलेलंच नसतं.

तळ आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. गाडी काठावर उभी करून वाट पायी चालून यावी, निदान सगळ्यात खोलगट तुकड्यापर्यंत. हातात काठी घ्यावी आणि जिथं चाकं जाणार तिथं टोचावी. चार बोटांवर कट्‌ करून थांबली तर जूनचा चिखल समजावा, महिना कोणताही असो. सरसर आत गेली तर परत फिरावं. दुसरी खूण पायात असते. चपलेखाली मातीचा थरावर थर चढत जाऊन पाऊल जड झालं, तर टायरचंही हेच होणार. नक्षीच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतं, मडगार्डच्या आत माती ठासून बसते आणि पुढचं चाक वळेनासं होतं. पातळ रबडीपेक्षा ही अर्धवट सुकलेली चिकट माती गाडीला जास्त नडते, कारण रबडी निदान गळून पडते. पाऊस उघडल्यावर पहिल्याच दिवशी निघायची घाई करणाऱ्यांना हे अनुभवानंच कळतं. रान ज्याचं आहे तो शेतकरी या बाबतीत कोणत्याही चालकापेक्षा जास्त जाणता असतो, म्हणून निघण्याआधी त्याला फोन करून विचारावं. "मामा, आज नगा येऊ, वापसा न्हाई. परवा सकाळी या, बांधाला लावून देतो," असं त्यानं सांगितलं तर ते ऐकावं. भाडं दोन दिवस पुढं गेलं तरी बुडत नाही.

पण नेहमी दोन दिवस मिळतात असं नाही, याचीही मला जाणीव आहे. कापलेलं सोयाबीन गंजीत भिजलं की आतून तापतं, शेंगेतच कोंब फुटतात. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्क्यांची, आणि बाजारातला खरेदीदारही ओल्या मालाचा भाव पाडतो. मळणी होऊन ताडपत्रीखाली पडलेली रास आणि वर भरून आलेलं आभाळ, अशा वेळी शेतकरी पिकअपवाल्याला फोनवर फोन करतो, तो हौसेनं नव्हे. जळालेलं रोहित्र म्हणजे डीपी बदलून आणायची तर तीही पिकअपमधूनच येते. ती येईपर्यंत त्या डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटारी बंद. आजारी माणूस, अडलेली गाय, यांना वाफसा होईपर्यंत थांबता येत नाही. फोर-बाय-फोरची खरी किंमत या दिवशी कळते. म्हणून त्या दिवशी ती नीट चालवता आली पाहिजे, आणि बाकीच्या दिवशी उगाच चिखलात घालून तिची वाट लावलेली नसली पाहिजे.

काळी जमीन ही दोन्ही जिल्ह्यांची सगळी गोष्ट नव्हे. उदगीरहून बिदरच्या दिशेनं निघालं की जमीन तांबडी होत जाते. पाणी लवकर निचरतं, गाडी क्वचितच बसते, मात्र वरची खडी सैल असते. देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइटचा मुलूख लागतो, तिथली बरड, वाळूमिश्रित जमीन पावसानंतर काही तासांत गाडी तोलते. गोदावरी आणि मांजरेच्या पात्रालगत वाळू आहे. वाळूत हवा उतरवणं हे दांड्याइतकंच महत्त्वाचं, आणि ब्रेक मारून थांबण्यापेक्षा गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे चाकांपुढं वाळूचा ढीग साचत नाही. किनवट-माहूरकडे डोंगर, सागाचं जंगल, ओढे आणि दगडी उतार. तिथं फोर-एल चढापेक्षा उतारावर जास्त कामाला येतं. पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला, ब्रेकला जेमतेम स्पर्श. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. डांबरी घाटात मात्र हे करायचं नाही, तिथं टू-एच, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि खालचा गिअर. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या बालाघाटाच्या रांगांत एकाच खेपेत माथ्यावर मुरूम, उतारावर दगड आणि खोऱ्यात काळं रान अशी तिन्ही लागतात. त्या भागातल्या चालकांसाठी वेगळं प्रकरण दिलं आहे.

एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो प्रस्तावनेतच खोडून काढतो. चार चाकांना ताकद मिळाल्यानं गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर फोर-बाय-फोर पटकन वेग घेते, म्हणून चालकाला पकड चांगली आहे असं वाटतं. थांबायची वेळ आली की ती पकड तेवढीच निघते जेवढी शेजारच्या साध्या पिकअपची.

पाण्याबद्दल मला अधिक कळकळीनं लिहायचं आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या खोऱ्यात एका रात्रीत पाणी चढलं. रावणगाव, हसनाळ ही गावं पाण्यात गेली, माणसं आणि जनावरं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि गोदावरीकाठची उभी पिकं पाण्याखाली होती. अशा दिवसांत फरशी पुलावरून पाणी वाहत असतं, दोन्ही तीरांवर गाड्या थांबलेल्या असतात, आणि गर्दीतलं कुणीतरी फोर-बाय-फोरवाल्याला म्हणतं, "तुमची निघंल की!" ती निघेलच असं नाही. साधारण ३० सेंटीमीटर वाहतं पाणी बहुतेक मोटारींना ढकलून नेतं, ६० सेंटीमीटर पाणी पिकअपसारख्या उंच गाडीलाही नेतं. गाडी पाण्यानं उचलली की चाकांवरचं वजन कमी होतं, आणि वजन नाही तिथं दोन चाकं काय आणि चार काय. फरशी पुलाला कठडे नसतात, गढूळ पाण्याखाली कड कुठं संपते ते दिसत नाही. दोन्ही टोकांचा भराव काळ्या मातीचा असेल तर तो आधी वाहून जातो आणि मधली फरशी शाबूत दिसत राहते. हौद्यात माणसं बसलेली असतील तर हा प्रश्न विचारातसुद्धा घेऊ नये. पुलावरून वाहतं पाणी असेल तर गाडी थांबवायची, मग ती कोणतीही असो. या पुस्तिकेतली बाकीची प्रत्येक सूचना परिस्थितीप्रमाणे बदलता येईल, ही बदलायची नाही.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्याचं वेगळं आहे. ते एक्सलच्या उंचीएवढं असेल, तळ पायी जाऊन पाहिला असेल, तर फोर-एल लावून सावकाश, एका चालीनं पार करता येतं. वेगानं उडवलेलं पाणी हवेच्या नळीतून इंजिनात शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या दुरुस्तीला हंगामाची कमाई जाते. शिवाय तापलेला एक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसून सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी तेल काढून पाहावं. ते दुधाळ दिसलं तर लगेच बदलावं.

रुतलेली गाडी काढताना आपल्याकडे जेवढी माणसं जखमी होतात, तेवढी गाडी रुतल्यानं होत नाहीत. ट्रॅक्टर येतो, साखळी बंपरला किंवा मागच्या एक्सलला अडकवली जाते, ट्रॅक्टरवाला झटका देतो आणि दहा-बारा जण दोन्ही बाजूंना उभे राहून ओरडत असतात. साखळी तुटली तर तिचं टोक कुठं जाईल ते सांगता येत नाही. साखळी चासीच्या हुकालाच लावावी. मध्यावर ओलं जड पोतं टाकावं, म्हणजे तुटली तरी ती खाली पडेल. ओढ हळूहळू द्यावी, झटका नको, आणि साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये. लहान मुलांना तर रानाबाहेरच काढावं. ट्रॅक्टर बोलवण्याआधी मात्र अर्धा तास फावडं चालवून पाहावं. चाकांपुढची माती उतरती कापायची, पोटाखालची काढायची, आणि टायरखाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या अंथरायच्या. त्या बांधावर नेहमीच सापडतात. बाभळीची फांदी टाकू नये. गाडी निघेल, पण पुढच्या कोसात पंक्चर होईल.

या सगळ्यात वाटेचाही विचार हवा. पाणंद रस्ते वर्षानुवर्षांच्या चाकांनी आजूबाजूच्या रानांपेक्षा खाली गेलेले असतात, म्हणून पावसात त्यांचे ओढे होतात. दोन्हीकडून नांगर सरकत येतो आणि वाट अरुंद होत जाते. बांधावरून रस्ता मागायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६च्या कलम १४३खाली तहसीलदाराकडे जाता येतं. असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आहे. २०२१पासून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून रोजगार हमीच्या पैशात काही वाटांवर मुरूम-खडी पडली आहे. जिथं ती पडली तिथं फोर-बाय-फोरची गरजच उरली नाही, आणि माझ्या मते हाच या प्रश्नाचा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. बाकीच्या वाटा अजून मातीच्याच आहेत. ओल्या वाटेवर फोर-एलमध्ये चाकं गरगरवून आपण आपली खेप काढतो, आणि मागं दोन फूट खोल चाकोऱ्या राहतात. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं कुणाची बैलगाडी येणार असते. त्या चाकोऱ्या फावड्यानं बुजवून मगच निघावं. असं करणारे चालक या दोन जिल्ह्यांत आहेत, आणि पावसाळ्यात शेतकरी पहिला फोन त्यांनाच करतात.

प्रकरणांचा क्रम पाहून काहींना आश्चर्य वाटेल. पहिलं प्रकरण टायर आणि हवेवर आहे, दुसरं मातीवर, आणि दांडा तिसऱ्यात येतो. चालक रानात जाताना निर्णय त्याच क्रमानं घेतो, म्हणून पुस्तिकाही तशीच रचली. हवा उतरवून रानातून बाहेर आल्यावर महामार्गाला लागण्याआधी ती पुन्हा भरायची असते. वीस पौंडांवर भरलेली गाडी पळवली तर टायरच्या बाजू तापून फुटतात. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप, हवा मोजायचा गेज, फावडं आणि चासीला लागणारा दोर, एवढं सीटमागं कायम असावं. उन्हाळ्यात दांडा महिनोन्‌महिने न वापरता राहिला तर जोडणी जाम होते. महिन्यातून एकदा मुरमाच्या किंवा मातीच्या सरळ वाटेवर काही किलोमीटर फोर-एच लावून गाडी चालवावी आणि फोर-एलही एकदा लावून काढावं. हे काम मृगाच्या आधी, मे महिन्यात तर नक्कीच करून घ्यावं. तेव्हा मिस्त्री मोकळा असतो आणि सामान मागवायला वेळ मिळतो.